अन्यायाची नोंद



आमच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. 1670 सालची सिंहगडची लढाई आम्हां पोलादपूरकरांना तोंडपाठ, कारण शाहीर तुळशीदासाने ती पोवाड्यात बांधली. पराक्रमाला शाहीर मिळतो. पण मार खाल्लेल्या माणसाची हकीकत कोण जपतं?

20 मार्च 1927. इथून जवळच, महाडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांच्या परिषदेला आलेले लोक, त्यांना मज्जाव असलेल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेच्या मंडपात कुणी जेवत होतं, कुणी परतीची बांधाबांध करत होतं. जमाव त्यांच्यावर तुटून पडला. वाढलेलं अन्न मातीत गेलं. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला.

बाबासाहेबांनी आपली माणसं आवरली आणि कायद्याची वाट धरली. खटला चालला, पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. 3 एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघालं आणि महाडची हकीकत छापली गेली. तळ्यावरून सवर्णांनी लावलेला दावा मात्र लांबला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची प्रथा अनादी असल्याचं वादींना शाबीत करता आलं नाही. पिढ्यान् पिढ्यांची मुजोरी पुराव्याच्या कसोटीवर टिकली नाही.

अन्याय नोंदवून ठेवण्याचं हे काम आज दूरदेशीही चालतं. पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँकवर 1967पासून इस्रायलचा लष्करी ताबा आहे. तिथल्या वकिलांनी 1979 साली रामल्लात ‘अल-हक’ ही संस्था काढली. कुणाचं घर पाडलं, कुणाला मारहाण झाली, की तिचे कार्यकर्ते जाऊन विचारतात: काय झालं, कधी, कुठे, कुणी पाहिलं? आणि शपथेवर जबानी लिहून घेतात. 2021 साली इस्रायलने या संस्थेला दहशतवादी ठरवलं. हाती सैन्य असलेल्या सत्तेलाही या कागदांची किती धास्ती वाटते, पाहा.

अशा नोंदींची गरज आपल्याकडेही आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात गावकीने कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2017पासून कायदा लागू आहे. पण गाव गप्प बसलं, तर कायदा काय करणार? म्हणून गावकीची बैठक कधी झाली, कोण हजर होतं, दुकानात माल कुणी नाकारला, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. फिर्याद द्या, तिची प्रत मागून घ्या. आणि शेजाऱ्यावर ही वेळ आली, तर साक्षीदार म्हणून आपणहून पुढे या.