अधाशी नोकऱ्या आणि बायकांची कमाई



२०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. ते एकटीने मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. अमेरिकेतल्या बायकांच्या कामाच्या आणि कमाईच्या दोनशे वर्षांच्या नोंदी त्यांनी धुंडाळल्या. जुन्या जनगणनेत नवऱ्याबरोबर शेतात राबणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या बाईच्या व्यवसायाच्या रकान्यात नुसतं ‘पत्नी’ लिहिलेलं असे. तेव्हा आधी मोजणीच दुरुस्त करावी लागली.

मला बोलायचंय ते स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतल्या आजच्या तफावतीवर. समान वेतनाचा कायदा अमेरिकेत १९६३ साली झाला, आपल्याकडे १९७६ साली. तरी बायकांची मिळकत मागेच. मालकाचा पक्षपात हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. शिकागो विद्यापीठातून १९९० ते २००६ या काळात एमबीए झालेल्यांचा गोल्डिन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. नोकरीला लागताना स्त्री-पुरुषांचे पगार जवळपास सारखे. दहा-पंधरा वर्षांत मात्र मोठी दरी पडली, आणि ती रुंदावली प्रामुख्याने मूल झाल्यावर.

याचं कारण कामाच्या घडणीत आहे. काही नोकऱ्या अधाशी असतात. बड्या वकिली कचेरीत आठवड्याला साठ तास देणाऱ्याला तीस तासवाल्याच्या दुप्पट नव्हे, त्याहून बरंच जास्त मिळतं. रात्री अकराला अशिलाचा फोन आला तरी उचलायचा, त्याचे हे पैसे. आता घरी लहान मूल असेल, तर दोघांनाही असं राबता येत नाही. एकाने धावायचं, एकाने घरच्या हाकेला थांबायचं. थांबते ती बहुतेक वेळा बाई. घरखर्चाच्या दृष्टीने हा हिशेब बरोबरच बसतो, म्हणून तर तो मोडणं इतकं अवघड!

पण तो मोडलेला आहे. औषधविक्रेत्यांचा धंदा बघा. पूर्वी अमेरिकेत स्वतंत्र दुकानं होती. मालक पुरुष, औषध तो हाताने तयार करणार, गिऱ्हाईक त्याच्याच ओळखीचं. पुढे औषधं कारखान्यातून तयार येऊ लागली, दुकानांच्या साखळ्या झाल्या, रुग्णाची सगळी नोंद संगणकावर आली. गल्ल्यामागे सकाळी कोण होतं आणि संध्याकाळी कोण आहे, याने रुग्णाचं काही अडेनासं झालं. अर्धवेळ काम करणारीला तासाचा दर जवळपास तोच मिळू लागला. आज तिथे औषधविक्रेत्यांमध्ये निम्म्याहून अधिक बायका आहेत, आणि पगारही चांगले आहेत. हे कुणी बायकांसाठी मुद्दाम घडवलं नाही. कामाची मांडणी बदलली, तफावत आक्रसली.

‘आमच्या कामात बदली माणूस चालत नाही,’ असं वकील आणि सल्लागार सांगतात. मला हे पटत नाही. बाळंतपणाइतकं विश्वासाचं काम कोणतं? तिथेही अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांनी गट केले, पाळ्या लावल्या. ज्याची पाळी, तो बाळंतपण करतो. मग एखाद्या करारनाम्याचा मसुदा एकाच माणसाने, रात्रीच, का वाचायचा, हे त्या कचेऱ्यांनी आता सिद्ध करून दाखवावं.