मनगटाचं दुखणं आणि कामाचा दोष

चेन्नईत कुणाच्या हाताला मुंग्या आल्या, की पहिला संशय ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या आयटी कंपन्यांतल्या संगणकांवर जातो. पुरावा पाहिला तर आधी काळजी करायला हवी ती अंबत्तूर, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांतल्या हातांची. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. जोर लावून तीच हालचाल सतत केली, मनगट वाकवून ठेवलं किंवा थरथरणारं यंत्र हातात धरलं, की या मज्जातंतूवर ताण येतो. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. कीबोर्डविरुद्धचा पुरावा त्यामानानं कच्चा आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या डॅनिश अभ्यासात टायपिंगचा मोठा धोका आढळला नाही; माउस आठवड्याला 20 तासांहून जास्त वापरणाऱ्यांत मात्र तक्रारी वाढलेल्या दिसल्या.

यावर मालकांचं ठरलेलं उत्तर असतं: हा तर मधुमेहाचा, थायरॉइडचा, गरोदरपणाचा त्रास! ही कारणं खरीच आहेत, आणि चेन्नईत मधुमेही काही थोडे नाहीत. पण आधीच नाजूक झालेल्या मज्जातंतूला कामाचा ताण अधिकच बाधतो. त्यामुळे कामाची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, रात्री झोपमोड होत असेल, तर डॉक्टरांना साखरेच्या रिपोर्टसोबत हातातल्या हत्याराबद्दलही जरूर सांगा.