घर टॉवरात, जमीन कुणाच्या नावावर?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘गिरणगावात नवीन घर घेताना’. कार्पेट किती, कर्ज कसं घ्यायचं, स्टॅम्प ड्युटी किती, हे मी सांगावं अशी संयोजकांची इच्छा आहे. तेही सांगेन. पण आयुष्यभर सोसायट्यांचे कागद वाचल्यावर माझ्या मनात एकच प्रश्न पक्का बसलाय, आणि तो मी आज तुमच्या मनात बसवणार आहे. घर बघायला जाल तेव्हा सँपल फ्लॅटमध्ये शिरायच्या आधी विचारा, ही जमीन कुणाच्या नावावर आहे, आणि माझ्या नावावर कधी होणार?

(मागून आवाज : साहेब, आधी भाव सांगा! हशा.)

भाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. लालबागच्या नाक्यावर उभं राहिलं की चहाबरोबर भावच मिळतो. मला त्या भावाच्या आतलं बोलायचंय.

गिरण्यांच्या संपाचा इतिहास मी उगाळत बसणार नाही. १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. इथे समोरच्या रांगांत अशी माणसं बसली आहेत की ज्यांच्या घरात तो संप अजून जेवणाच्या ताटावर निघतो. तुम्हाला मी काय सांगणार? पण त्यानंतर जमिनीचं काय झालं ते नीट लक्षात घ्या, कारण तुम्ही जो फ्लॅट घ्यायला निघालात तो त्या जमिनीवर उभा आहे.

मुंबईच्या गिरण्यांकडे साधारण सहाशे एकर जमीन होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम आला. ठोकळमानानं सांगायचं तर गिरणीची जमीन विकसित करताना एक वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक वाटा घरांसाठी म्हाडाला आणि एक वाटा मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं १९९६मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा मांडला. मग २००१ साली नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची! ज्या जागेवर शेड उभी होती, ती शेड पाडल्यावरही वाटणीतून सुटली. मग पालिकेच्या आणि म्हाडाच्या पदरात काय उरलं? तुकडे. मुंबई उच्च न्यायालयानं २००५मध्ये नियमाचा अर्थ लोकांच्या बाजूनं लावला होता. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. मधल्या काळात, २००५ सालीच, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले. मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. तुमच्या फ्लॅटच्या दरात मालकानं जमिनीला मोजलेला पैसा आहे, पुढे त्यावर घेतलेलं कर्ज आहे, त्या कर्जाचं व्याज आहे. तुम्ही सर्वांत जास्त पैसे विटेला देत नाही, सिमेंटला देत नाही. जमिनीला देता. आणि करारनाम्यात जमिनीबद्दल काय लिहिलंय ते मात्र कुणी वाचत नाही.

आता कायदा. थोडक्यात सांगतो. आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक सहकारी गृहनिर्माण संस्था. जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर, आपण सभासद. दुसरी १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याची. पुण्याकडचे लोक विचारतात ना, ‘तुमचं अपार्टमेंट की सोसायटी?’, तीच ही दुसरी वाट. अमेरिकेत ज्याला काँडो म्हणतात त्याच्या जवळ जाणारी. त्यात फ्लॅट तुमच्या स्वतःच्या नावावर, आणि जमिनीत तुमचा अविभाज्य हिस्सा टक्क्यांत लिहिलेला. दोन्हींमध्ये मुद्दा एकच, जमीन बिल्डरच्या हातून सुटली पाहिजे. तिला सोडवणाऱ्या कागदाला अभिहस्तांतरण म्हणतात, रोजच्या बोलण्यात कन्व्हेयन्स. १९६३च्या कायद्यानं ते करून देणं बंधनकारक केलं. तरी दशकानुदशकं ते होत नव्हतं. म्हणून २००८मध्ये दुरुस्ती करून ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणलं. बिल्डर सही करत नसेल तर संस्थेनं जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. मग २०१६चा रेरा आला, १ मे २०१७पासून महारेराचं काम सुरू झालं. तुमच्याकडून घेतलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, कार्पेटवरच विकायचं, पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी घ्यायची. चांगला कायदा आहे, मी त्याचा चाहता आहे.

पण गिरणीच्या जमिनीवर एक वेगळी अडचण उभी राहते. इथे प्लॉट मोठे. एकाच लेआउटमध्ये तीन टॉवर, चार टॉवर, एखादं ऑफिस, एखादा मॉल. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तुमच्या टॉवरच्या संस्थेला इमारत मिळते, पण लेआउटची जमीन सगळ्या संस्थांच्या महासंघाकडे जाते ती शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर. आणि शेवटची इमारत कधी पूर्ण होईल? चौथा टॉवर सुरूच केला नाही तर? तोवर जमीन कुणाची?

इथे मला एका घराची हकीकत सांगायची आहे. दोन मिनिटांत आवरतो.

माझ्याकडे एक तरुण आला. वडील त्याच्यासोबत. वडील साचेखात्यात होते, आधी बदली कामगार, मग कायम, संपात नोकरी गेली. मुलगा शिकला, चांगल्या कंपनीत लागला, आणि वडील ज्या गिरणीत कामाला होते त्याच गिरणीच्या जागेवरच्या टॉवरात त्याला घर घ्यायचं होतं. करारनामा एवढा जाड. मुलाचे प्रश्न ठरलेले. फ्लोअर राइज किती लावलाय, समुद्र दिसेल का, पझेशन कधी. सुनेची पसंती शाळा जवळ म्हणून. सगळे योग्य प्रश्न. वडील गप्प होते. मग त्यांनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात त्यांच्या चाळीतल्या खोलीच्या भाडेपावत्या, वर्षावर्षाच्या गठ्ठ्यांत. म्हणाले, “वकीलसाहेब, आमच्या पावतीवरचं नाव तीनदा बदललं. आधी गिरणीचं होतं. मग कोर्टानं नेमलेल्या माणसाचं आलं. मग कुठल्या कंपनीचं. आम्हाला कुणी सांगायला आलं नाही, पावती बघून कळलं. याच्या घराच्या जमिनीवर कुणाचं नाव राहणार, तेवढं बघा.”

(टाळ्या.)

थांबा, टाळ्यांसाठी हे सांगत नाही. त्या पावत्यांनी त्यांची खोली टिकवली होती. १९४७च्या भाडे कायद्याखाली भाडेकरूला पावतीनं हक्क दिला, म्हणून चाळ पुनर्विकासात गेली तेव्हा त्यांना घर मिळालं. पण जमिनीचं काय करायचं, ती कुणाला विकायची, किती उंच बांधायचं, यात त्यांना कुणी विचारलं नाही. कारण जमीन त्यांची नव्हती. आणि मुलाचा करारनामा मी वाचला तर तिथेही तेच. लेआउट बदलण्याचा अधिकार बिल्डरचा, पुढे जो जादा एफएसआय मिळेल तो त्याचा, पोडियमवरची बाग आणि क्लब त्याच्या ताब्यात, आणि सगळा प्रकल्प एका कर्जदात्याकडे गहाण. बापाकडे भाडेपावती होती, मुलाकडे कोटींचा करारनामा असणार होता, पण जमिनीच्या बाबतीत दोघांचा आवाज सारखाच.

घर त्यानं घेतलं. मी नको म्हटलं नाही. पण कर्जदात्याचं ना-हरकत पत्र घ्यायला लावलं, मंजूर नकाशांच्या प्रती घ्यायला लावल्या, आणि सांगितलं की रेराच्या कलम १४प्रमाणे मंजूर लेआउट मनमानी बदलता येत नाही, दोन तृतीयांश खरेदीदारांची संमती लागते. ताबा मिळाल्यावर तो स्वतः संस्थेचा सचिव झाला. पुढे बदललेला नकाशा आला, बागेच्या जागी आणखी एक इमारत. संस्थेकडे जुना मंजूर नकाशा होता, म्हणून हरकत घेता आली. प्रकरण चालू आहे, त्यावर अधिक बोलणं बरोबर नाही. डबा आता मुलाकडे आहे, त्यात नकाशे असतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘पंधरा मिनिटे.’ म्हणजे कर्ज आणि स्टॅम्प ड्युटी आज राहणार. ते तुम्हाला बँकवाले हौसेनं सांगतील.

मधल्या रांगेतून एक गृहस्थ मघापासून हात वर करताहेत. बोला.

(श्रोता : तुमचं म्हणणं, गिरण्या तशाच ठेवायच्या होत्या? विकास नको?)

नाही हो. हा आरोप मला दर सभेत ऐकावा लागतो आणि दर वेळी मी त्याचं उत्तर देतो. घरं हवीत. आपल्याच मुलांना हवीत, नाहीतर ती डोंबिवलीच्या पलीकडे जातात. वाटणी बिघडली एवढंच माझं म्हणणं आहे. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. मोकळी जमीन मिळाली असती तर ते टळलं असतं, असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, माणसांची रीघ वाढली आणि पूल जुनाच राहिला, हे तुम्ही रोज डोळ्यांनी बघत होता. त्याच वर्षी डिसेंबरात कमला मिलच्या आवारातल्या आगीत चौदा माणसं गेली. घर घेताना फक्त आपल्या मजल्याचं बघायचं नाही, आवाराचंही बघायचं, आग लागली तर बंब आत कुठून येणार तेही बघायचं.

आणि जमीन इथे स्वच्छ असतेच असं नाही. लोअर परळजवळ वरळीतलं एक उदाहरण जाहीर आहे. सेंच्युरी मिलनं कामगारांच्या चाळींसाठी जमीन भाडेपट्ट्यानं घेतली, १९२७पासून २८ वर्षांसाठी. पट्टा १९५५मध्ये संपला. ती जमीन कंपनीची की महापालिकेची, यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला जानेवारी २०२५मध्ये, महापालिकेच्या बाजूनं. सत्तर वर्षं! हे सेंच्युरीसारख्या मोठ्या कंपनीचं. तुमचं-आमचं काय?

म्हणून मालमत्ता पत्रक काढा. शहर भागात सी. एस. नंबर असतो, त्यावर काढायचं. जमीन मालकीची की पट्ट्याची, पट्टा कधी संपतो, बोजा कुणाचा, ते त्यात दिसतं. दुय्यम निबंधकांकडे तीस वर्षांचा सर्च करून घ्या. महारेराच्या नोंदीत वकिलाचं टायटल सर्टिफिकेट, मंजूर नकाशे, बोजे, चालू दावे हे सगळं बिल्डरला टाकावं लागतं. फुकट बघता येतं. किती जण बघतात? हात वर करा बरं.

(शांतता, मग हशा.)

हसू नका, उद्या सकाळी बघा.

न्यूयॉर्कचं एक सांगायचं होतं, आता घाईत सांगतो, पण गाळणार नाही. तिथे सोहो नावाचा कारखान्यांचा भाग आहे, ओतीव लोखंडाच्या खांबांच्या इमारती. साठच्या दशकात कारखाने निघून गेले, चित्रकार-शिल्पकार त्या रिकाम्या मोठ्या मजल्यांवर राहायला आले, बेकायदा. १९७१मध्ये शहरानं नोंदणीकृत कलावंतांना तिथे राहायची मुभा दिली, १९७३मध्ये त्या इमारतींना वारसा म्हणून संरक्षण मिळालं. आणि १९८२मध्ये, आपला संप चालू होता त्याच साली, त्या राज्यानं लॉफ्टचा कायदा केला. कारखान्याच्या इमारतीत राहणाऱ्यांना मालक हाकलू शकणार नाही, उलट त्यानंच इमारत राहण्यासाठी सुरक्षित करून द्यायची. पुढे तिथेही भाव गगनाला गेले आणि बहुतेक कलावंतांना तो भाग परवडेनासा झाला, हे मला मान्य आहे. पण त्या साली तिथले रहिवासी आपल्या हक्काचा कागद मागून बसले आणि त्यांना तो मिळाला. आपल्याकडे कामगारांची घरांसाठी पहिली सोडत निघाली ती २०१२मध्ये, सात हजारांहूनही कमी घरांची, आणि अर्ज होते जवळपास दीड लाख. घर २२५ चौरस फुटांचं. तीस वर्षांचं अंतर, आणि तरीही कागद मागणाऱ्यांच्या मोर्च्यांशिवाय तेही झालं नसतं.

आता ज्यांनी आधीच घर घेतलंय त्यांच्यासाठी. तुमच्या संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा रंग आणि गणपतीची वर्गणी यांच्याआधी विषयपत्रिकेवर एकच विषय घ्या, अभिहस्तांतरण झालं का? झालं नसेल तर ठराव करा. इमारत जुनी होईल, एक दिवस पाडावी लागेल. त्या दिवशी जमीन ज्याच्या नावावर आहे तो बोलेल आणि बाकीचे ऐकतील. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीवर ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, कारण जमीन सरकारची होती आणि सरकारला लोकांचं ऐकावं लागलं. खाजगी लेआउटमध्ये ऐकणारा कोण?

दुसरी चिठ्ठी. ही प्रश्नाची आहे. एक ताई विचारतात, ‘बिल्डर उघड्या पार्किंगचे वेगळे पैसे मागतोय, द्यावेत का?’

देऊ नका, ताई. उघडं पार्किंग रेरा कायद्यानं सामायिक जागेत मोडतं. ते संस्थेचं आहे, तुमच्या जमिनीचा भाग आहे, बिल्डरला ते विकता येत नाही. झाकलेलं पार्किंग असेल तर गोष्ट वेगळी. मग करारनाम्यात त्याचा नंबर, मजला आणि लांबी-रुंदी लिहून घ्या, नुसतं ‘एक पार्किंग’ म्हणून सोडू नका.

अध्यक्ष उठून उभे राहिलेत, आता थांबतो. ज्यांनी कागद आणलेत त्यांनी खाली जिन्यापाशी या. करारनामा पिशवीतच राहू द्या, आधी मालमत्ता पत्रक बाहेर काढून ठेवा.