अल्बम लहानच बरा



आज बोलूया गटाच्या फोटो अल्बमबद्दल. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या बचत गटानं मोठा अल्बम करायचं ठरवलं होतं. टिकल्या, लेस, रंगीत कागद, सगळं आणलं. पण कापसाची वेचणी लागली आणि चार पानांवरच काम अडलं. त्यातच, ज्या मोबाइलमध्ये फोटो होते तो बंद पडला.

पुढं गटातली सर्वांत वयस्क आजी वारली. तेरवीला हार घालायला घरात तिचा फोटो नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून आणला, तर चेहरा ओळखू येईना. बैठकीत आम्ही तिचे कितीतरी फोटो काढले होते, पण एकही कागदावर उतरवला नव्हता. आम्हाला फार चुटपुट लागली.

आता आमची रीत साधी आहे. एक जाड पानांची वही आणि वर्षाला बाराच फोटो. महिन्याच्या बैठकीत सगळ्या मिळून एक फोटो निवडतो आणि स्टुडिओतून चार बाय सहा इंचाचा काढून आणतो. एका पानावर एकच फोटो. खळ लावत नाही, तिला कसर लागते. चिकटपट्टीही नको, ती पिवळी पडते. कागदाचे चार कोपरे चिकटवून त्यात फोटो अडकवतो. खाली बॉलपेननं तीन ओळी: कोण, कुठं, कधी. नाव लिहिताना 'अमक्याची बायको' नाही, तिचं स्वतःचं नाव. लिहिता न येणारी सांगते, दुसरी लिहिते. प्रत्येक सभासद वर्षातून एकदा तरी दिसलीच पाहिजे.

हे काम किरकोळ समजू नका. मुंबईत 'स्पॅरो' ही संस्था १९८८ पासून बायकांचे फोटो, आठवणी आणि आवाज जपून ठेवते आहे. तिथं मोठा संग्रह आहे, आपल्याकडं एक वही. पण बाईचं जगणं नोंदलं गेलं पाहिजे, हा विचार एकच.

वही हिशेबाच्या रजिस्टरसोबत पेटीत ठेवा, ओल लागू देऊ नका. सजावट राहिली तर राहू द्या, नाव राहू देऊ नका. येत्या बैठकीत पहिला फोटो लावा, आणि तो गटातल्या सर्वांत वयस्क बाईचा असू द्या.