अकरावीचं गणित, सातवीचं सूत्र

परभणी जिल्ह्यात झरी आणि आसपासच्या गावांत राहून, शिकवणीशिवाय स्वतःच कॅल्क्युलस शिकू पाहणाऱ्या विद्यार्थिमित्रांनो, आजची माहिती तुमच्यासाठी.

कच्चा पाया नेमका कुठे आडवा येतो, ते एका उदाहरणात पाहू. वही-पेन घ्या. एक्सच्या वर्गाचा डेरिव्हेटिव्ह काढायचाय. एक्स अधिक एच, याचा वर्ग करा. त्यातून एक्सचा वर्ग वजा करा. एचनं भागा. उरतं दोन एक्स अधिक एच. एच शून्याकडे नेला, की उत्तर दोन एक्स. पण वर्गविस्तारातलं मधलं पद, दोन एक्स एच, राहून गेलं तर उत्तर येतं शून्य! इथे कॅल्क्युलस अडलेलं नाही. सातवी-आठवीचं सूत्र अडलंय.

म्हणून सगळं पहिलीपासून गिरवत बसू नका. कोणत्या पायरीवर अडलात ते लिहून ठेवा, त्या इयत्तेचं पुस्तक उघडा, तेवढाच सरावसंच सोडवा आणि परत या. जुनी पुस्तकं नसतील तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात. सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचू नका; उत्तर झाकून स्वतः करा.

आणि शिकवणी नाही म्हणून खचू नका. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. तरी आकड्यांचा ध्यास घेऊन त्यांनी ६१७४ हा स्थिरांक शोधला. आज जगभर तो कापरेकरांच्याच नावानं ओळखला जातो. गणिताला रोजची बैठक लागते, मित्रांनो. ती आजच सुरू करा.