भिलाईचा खटला आणि आपल्या चौकशीचे कागद

(भिलाई येथील कामगार सभेतील भाषण)



याच भिलाईत, हुडको वसाहतीतील घरात, २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे कॉ. शंकर गुहा नियोगी यांना झोपेत गोळी घालण्यात आली. छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे हे नेते येथील कारखान्यांतील कंत्राटी कामगारांसाठी कायम नोकरी आणि पोटापुरते वेतन मागत होते. त्यांच्या खुनाचा खटला तीन कोर्टांतून गेला. तो आपण नीट समजून घेतला पाहिजे.

दुर्गच्या सेशन्स कोर्टाने जून १९९७ मध्ये सहा जणांना दोषी ठरविले. पलटन मल्लाह याला फाशी आणि पाच जणांना जन्मठेप झाली. या पाचांत उद्योगपतीही होते. जून १९९८ मध्ये जबलपूर हायकोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडले. जानेवारी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मल्लाहला पुन्हा दोषी ठरवून जन्मठेप दिली. बाकी पाच जणांची सुटका कायम ठेवली.

असे का झाले? साक्षीदार ठाम बोलतो की अडखळतो, हे खालचा न्यायाधीश डोळ्यांनी पाहतो. वरच्या कोर्टापुढे नुसते कागद असतात. म्हणून खालच्या कोर्टाने ठरविलेली वस्तुस्थिती वरच्याने सहसा बदलू नये, असा संकेत आहे. पण फौजदारी अपिलात हायकोर्टाला सगळा पुरावा नव्याने तपासता येतो. तेथे सुटका झाली, की आरोपीची बाजू आणखी भक्कम होते. पुराव्याचे दोन अर्थ निघत असतील तर सुप्रीम कोर्ट त्या सुटकेला हात लावीत नाही. मल्लाहविरुद्ध त्याने दुसऱ्यापाशी दिलेली कबुली आणि हस्तगत झालेले हत्यार होते. इतरांविरुद्ध कटाची साखळी पुरी जुळली नाही. गोळी कोणी झाडली ते ठरले. कोणाच्या सांगण्यावरून, हे कोर्टात सिद्ध झाले नाही. कामगारांना ही गोष्ट आजही सलते.

आता आपल्याकडे वळू. रेल्वेत १९६८ चे शिस्त व अपील नियम आहेत, पोस्टात १९६५ चे. खात्याच्या चौकशीत पुरावा फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही. कॅट किंवा हायकोर्ट तो पुन्हा तोलत बसत नाही. आपण अपील कोर्ट नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९९५ साली बी. सी. चतुर्वेदी यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले. थोडाफार पुरावा असला आणि चौकशी रीतसर झाली असली, तर निष्कर्ष टिकतो. 'वर जाऊन बघून घेऊ' असे म्हणणारा भाऊ येथेच फसतो.

म्हणून आमचे सांगणे असे. चार्जशीट हाती पडताच युनियनकडे या. चौकशीला गैरहजर राहू नका. कागदपत्रे लेखी मागा. नाकारली तर तीही नोंद करून घ्या. बचाव सहायक घ्या, साक्षीदारांची उलटतपासणी करा, आपले साक्षीदार उभे करा. शिक्षेचा हुकूम मिळाल्यापासून ४५ दिवसांत खात्यातील अपील दाखल करा. निष्कर्षाला कागदावरील पुराव्याचा आधार आहे की नाही, हे पाहणे त्या अपील अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. पुरावा तोलला जाण्याची ती बहुधा शेवटची जागा असते.

प्रत्येक शाखेने दोन साथी या कामासाठी तयार करावेत, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.