पटलाची राखण

(मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर येथील भाषणाचा मजकूर)



आपला कर्जत तालुका अवर्षणप्रवण. पाऊस अपुरा झाला की विहिरी तळ गाठतात आणि गावाची सारी भिस्त विंधन विहिरींवर येते. काळ्या खडकात दीर्घकाळ राहिलेल्या या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व सिलिका विरघळलेली असतात. डाळ शिजत नाही, भांड्यावर पांढरा थर चढतो, हा अनुभव घरोघरचा आहे. असे पाणी गोडे करण्यासाठी आर. ओ. संयंत्र उभारले जाते. परंतु भांड्यावर चढणारा तोच थर संयंत्रातील पटलावरही चढतो. ऐन उन्हाळ्यात पटल तुंबले की मायभगिनींच्या डोक्यावर पुन्हा घागर येते आणि गावाचा पैसाही वाया जातो.

१९६० च्या सुमारास सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी अमेरिकेत या पटलाचा पाया घातला. आज बहुधा वापरात असलेल्या पॉलिअमाइड पटलाचा क्षार अडविणारा थर केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याचे शत्रू तीन: गाळ, क्षार आणि सूक्ष्मजंतू.

गाळासाठी वाळूची गाळणी व तिच्यापुढे पाच मायक्रॉनची गाळणी असते. पहिली उलट्या प्रवाहाने नियमित धुवावी. दुसरी वेळेवर बदलावी.

क्षारांचे गणित साधे आहे. शंभर लिटर पाण्यातून पन्नास लिटर गोडे पाणी काढले, तर उरलेल्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. पंचाहत्तर लिटर काढले, तर चौपट. म्हणून अधिक पाण्याच्या लोभाने झडप आवळू नये. क्षार बसू न देणारे औषधही ठरलेल्या मात्रेतच द्यावे.

जंतूंची गोष्ट नाजूक आहे. क्लोरिन जंतू मारते, पण ते पॉलिअमाइड पटलही नष्ट करते. म्हणून पटलापूर्वी कोळशाच्या गाळणीने ते काढून टाकतात. मात्र क्लोरिन गेलेल्या त्या कोळशातच जंतू वाढू लागतात! तेव्हा कोळसा वेळोवेळी बदलणे व संयंत्र फार काळ बंद न ठेवणे अगत्याचे आहे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नोंदवही. दररोज दाब, गोड्या पाण्याचा प्रवाह आणि त्यातील क्षारांचे प्रमाण लिहावे. दाब व तापमान तेच असूनही प्रवाह दहा ते पंधरा टक्क्यांनी घटला, तर पटल धुण्याची वेळ आली असे समजावे. चुन्याचा थर सायट्रिक आम्लाने सुटतो. बुळबुळीत थराला अल्कधर्मी द्रावण लागते. थर पक्का झाल्यावर मात्र तो काढणे फार कठीण जाते.

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, गाळण्या व औषधे यांची तरतूद अंदाजपत्रकात दरवर्षी करावी. शिक्षकांनी या नोंदींचे आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावेत. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील, तर केवळ क्षारांसाठी या यंत्राची गरजच नाही. म्हणून आधी पाणी तपासावे.

यंत्र उभारणे हे एका दिवसाचे काम आहे. ते राखणे हे रोजचे. ती राखण गावाने आपली मानावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.